स्वतःच्या शब्दांत

आमच्या शाळेत दहावीला निबंध लिहायचा नसे, उतरवून घ्यायचा असे. सबनीस सर वर्गात आले की खुर्चीत बसायच्या आधीच म्हणत, "पेनं काढा." मग ते खिडकीशी उभे राहून, डोळे अर्धवट मिटून सांगत जायचे आणि आम्ही लिहीत जायचो. स्वल्पविराम कुठे द्यायचा तेसुद्धा ते सांगायचे.

सबनीस सर शाळेचे हेडमास्तर. दहावीला मराठी आणि भूगोल तेच शिकवायचे. शाळा दादरला होती. अर्धी मुलं जवळपासच्या सोसायट्यांमधली, अर्धी परळ, नायगाव, लालबागच्या चाळींतली. मी माहीमच्या कोळीवाड्यातली गुणवंती, आणि माझ्या शेजारी बसायची ती परळची अंबिका. आमची ओळख शाळेच्या आधीची. माझी आई शेवंता परळच्या चाळींत मासे विकायची. अंबिकाची आई सुभद्रामावशी गिरणीतल्या एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी घरात खाणावळ चालवायची. आईची अर्धी पाटी त्या एका दारातच खाली व्हायची.

सरांचे निबंध छानच असायचे. 'समुद्रकिनाऱ्यावरील संध्याकाळ' या निबंधात समुद्र निळाशार होता, शिडं पांढरीशुभ्र होती आणि कोळीबांधव गाणी गात घरी परतत होते. माझा बाबा परतायचा तेव्हा "वाढ" एवढंच बोलायचा आणि जेवता जेवता पेंगायचा. ते वाक्य उतरवताना अंबिका माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "गुणे, तुझा बाबा कुठलं गाणं म्हणतो गं?" मी हसू दाबलं आणि पुढचं वाक्य लिहिलं. मला पास व्हायचं होतं. आमच्या घरात दहावीपर्यंत पोचलेली मी पहिलीच.

प्रत्येक विषयाला लिहिण्याची वेगळी तऱ्हा लागते, हे मला अंबिकानंच दाखवलं. एकदा मधल्या सुट्टीत ती म्हणाली, "बघ, मराठीत सगळं 'मला वाटतं' आणि 'माझं मन भरून आलं'. इतिहासात आधी कारणं, मग परिणाम, मधे कुणाचं मन भरून येत नाही. भूगोलात नुसते मुद्दे. आणि विज्ञानात तर मी नसतेच. चंचुपात्र घेतले, पाणी तापवले. कुणी तापवलं ते विचारायचं नाही."

"मग काय झालं?"

"काही नाही. एकच गोष्ट चार विषयांत चार तऱ्हांनी लिहिता येईल, एवढंच."

तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

आम्ही नववीत असताना, ब्याऐंशीच्या जानेवारीत, गिरण्यांचा संप सुरू झाला. लवूकाका, म्हणजे अंबिकाचे वडील, गिरणीच्या साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर होते. सुरुवातीला ते रोज सभेला जायचे आणि संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत बसून मोठमोठ्यानं बोलायचे. पावसाळा आला तसा आवाज खाली आला. खाणावळीत जेवणारी माणसं एकेक करून कोकणात आपापल्या गावी निघून गेली. सुभद्रामावशीनं मोठी पातेली माळ्यावर टाकली आणि ती हिंदू कॉलनीत दोन घरी पोळ्या लाटायला जाऊ लागली. माझी आई परळला जायची थांबली, कारण तिथं मासे घेणार कोण. आमच्या वर्गातल्या चाळींतल्या मुलांतली काही दिसेनाशी झाली. कुणी गावाला गेलं, कुणी कुठल्या दुकानात लागलं. लवूकाका दादरच्या भाजीबाजारात पहाटे गोणी उचलायचे आणि घरी आले की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. संपाबद्दल घरात एक शब्द नाही.

दहावीच्या दिवाळीनंतर सबनीस सरांनी नवीन निबंध सांगायला घेतला. विषय होता 'संप : एक सामाजिक आपत्ती'.

"यंदा हा येणार," सर म्हणाले. "सगळ्यांनी पाठ करायचा."

सुरुवात नेहमीसारखी होती. उद्योग हा देशाचा कणा वगैरे. मग दुसऱ्या परिच्छेदात वाक्य आलं, "आपल्या मुलाबाळांच्या भवितव्याचा जराही विचार न करता हे कामगार घरी स्वस्थ बसून राहतात."

माझ्या शेजारी पेनाला टोपण लागल्याचा आवाज आला.

सरांनी डोळे उघडले. "अंबिका, पेन का ठेवलंस?"

ती उभी राहिली. "हे मी लिहिणार नाही, सर."

"का?"

"खोटं आहे."

 सर चिडले नाहीत. ते तिच्या बाकापाशी आले आणि हळू आवाजात बोलले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हे बघ. तुझा पेपर तपासणारा माणूस कुठंतरी बसलेला असतो. त्याच्यासमोर गठ्ठा असतो. तुझ्या निबंधाला तो फार तर दोन मिनिटं देतो. त्या दोन मिनिटांत त्याला सुरुवात दिसली पाहिजे, मुद्दे दिसले पाहिजेत, शेवट दिसला पाहिजे. तुझं मत काय आहे हे विचारायला बोर्डानं तुला बोलावलेलं नाही. तुझ्यासारख्या मुलांना पास करायला मी हे सगळं करतो, कळतंय का?"

"तुझ्यासारख्या म्हणजे कशा, सर?"

आता मात्र सरांचा चेहरा बदलला. "बाहेर उभी राहा," ते म्हणाले.

ती तास संपेपर्यंत बाहेर उभी राहिली. मी निबंध पुरा उतरवला. मागच्या बाकावर आनंदा होता, तोही. आनंदाचे वडीलही लवूकाकांच्याच गिरणीत. पाठांतरात तो शाळेत पहिला. एकदा ऐकलं की त्याच्या डोक्यात छापलं जायचं.

त्या वर्षी इतिहासाला जोगळेकर बाई नव्या आल्या होत्या. पुण्याच्या, अजून कायम न झालेल्या, बोलणं अगदी स्वच्छ. अंबिकानं घरी बसून संपावर स्वतःचा निबंध लिहिला आणि तो सरांकडे न नेता बाईंकडे नेला. मी बरोबर होते. बाईंनी टीचर्स रूमच्या दारातच उभ्यानं वाचला आणि परत दिला.

"हे ओरडणं झालं," त्या म्हणाल्या. "निबंध नाही झाला."

अंबिकाचा चेहरा पडला. तिला वाटलं होतं, बाई तरी पाठीवर हात ठेवतील.

"अन्याय हा शब्द किती वेळा आलाय बघ. आणि काय अन्याय झाला ते मला एकदाही कळलं नाही. मी गिरणी आतून पाहिलेली नाही, अंबिका. ज्यानं पाहिलेली नाही त्याला तू रागावून काय उपयोग? त्याला दाखव."

"मत लिहायचं नाही का मग?"

"लिहायचं की. पण मत हवेत राहत नाही, त्याच्या खाली काहीतरी उभं करावं लागतं. कुणी सांगितलं, त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं, दुसरा कुणी वेगळं सांगतो का. इतिहासाच्या पेपरात मी हेच मागते आणि तुम्ही मला सनावळ्या देता."

परत येताना अंबिका सगळा रस्ता त्या कागदाची घडी घालत आणि उलगडत होती. शेवटी म्हणाली, "मला तरी कुठं माहितीये गं आत काय असतं. मी पण पाहिलेली नाही."

पुढच्या रविवारी सकाळी आईनं सुभद्रामावशीसाठी थोडे बोंबील दिले, ते घेऊन मी परळला गेले. लवूकाका गॅलरीत विडी ओढत बसले होते. अंबिका त्यांच्यासमोर कागद घेऊन बसलेली.

"कशाक होया तुका ह्या?" काका विचारत होते.

"निबंधाला."

"निबंधात गिरण कशाक? फुलाबिलांवर लिव."

"बाबा, सांगा ना. खात्यात हवा कशी असते?"

काकांनी विडीची राख झटकली. मग म्हणाले, "खिडक्यो बंद. वरसून पाण्याचो फवारो. हवा दमट र्‍हवाक व्हयी, नाय तर धागो तुटता."

"पुस्तकात आहे ते," अंबिका म्हणाली. "मुंबईची हवा दमट, म्हणून गिरण्या इथं आल्या. भूगोलात पहिला मुद्दा."

"धाग्याक बरी हवा ती. माणसाक नाय." काका खोकले. "आमच्या खात्यातलो गणपत, पन्नाशी पण नाय झाली, छातीन गेलो."

"हे तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?"

काकांनी विडी खाली ठेवली. मला वाटलं, आता तिच्या थोबाडीत बसते. "माका इचारतंस? मियां खांद्यार नेलंय तेका."

"बरं," असं म्हणून अंबिकानं लिहून घेतलं. आणि तिनं पुढचा प्रश्न विचारला. बदलीवाला म्हणजे कोण. पाळी कशी ठरते. संप करायचं कसं ठरलं, तुम्ही हात वर केला होता का, का केला. काका आधी तुटक बोलत होते. मग विडी विझली तरी त्यांना कळलं नाही. आतून सुभद्रामावशी बोंबील साफ करता करता मधेच म्हणाली, "आणि बायलांचा पण लिव. सूतखात्यात बायलो होत्यो, तेंका आधी काढल्यानी. ता कोण सांगणा नाय."

"तू पाहिलंस?"

"माजी आवस होती तेतूर," मावशी म्हणाली. तिची आई गिरणीत होती, हे मला तेव्हाच कळलं.

मी जायला निघाले तेव्हा दुपारचं जेवण झालं होतं आणि काका अजून बोलत होते.

जानेवारीत प्रिलिम आली. बोर्डाच्या धर्तीवर मराठीच्या पेपरात निबंधासाठी तीनचार विषयांतला एक निवडायचा होता. 'मी फुलपाखरू झाले तर' होता, 'माझी आई' होता, आणि 'संप : एक सामाजिक आपत्ती' होता. प्रश्नावर लिहिलं होतं, स्वतःच्या शब्दांत लिहा. अंबिका फुलपाखरू घेऊ शकली असती. सगळ्यांना वाटलं ती तेच घेईल, सरांनाही वाटलं असणार. तिनं संप घेतला.

तिनं काय लिहिलं ते मी नंतर वाचलं. त्यात कुणाला शिव्या नव्हत्या. संप ही आपत्ती आहेच, असं तिनं पहिल्याच वाक्यात मान्य केलं होतं. मग ही आपत्ती कुणावर आली आणि ती संपाच्या आधीपासून होती की नाही, हे ती एकेक दाखवत गेली होती. बंद खिडक्या, फवारा, गणपत, कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम मिळेल म्हणून बदलीवाल्याचं रोज गिरणीच्या दारात उभं राहणं, माळ्यावर टाकलेली पातेली. शेवटी तिनं सरांचं वाक्य लिहिलं होतं आणि त्याखाली एवढंच, "माझे वडील पहाटे गोणी उचलतात. ते स्वस्थ बसलेले मी एकदाही पाहिलेले नाहीत."

भूगोलाच्या पेपरात प्रश्न होता, मुंबईत सुती कापड उद्योगाचे केंद्रीकरण का झाले. दमट हवा, बंदर, कापसाचा पुरवठा, भांडवल, हे मुद्दे तिनं पुस्तकातल्यासारखे दिले. शेवटचा मुद्दा पुस्तकात 'स्वस्त मजूर' असा होता. तिनं लिहिलं, "मजूर स्वस्त नसतात. कोकणात पोट भरत नव्हते म्हणून ते कमी पगारावर राबले."

भूगोलात त्या मुद्द्याचे गुण गेले. मराठीत निबंधाला शून्य. वर लाल अक्षरात 'विषयांतर'. त्या शून्यानं ती मराठीत नापास झाली. शाळेचा नियम होता, प्रिलिमला जो विषय गेला त्याची फेरपरीक्षा दिल्याशिवाय बोर्डाचं हॉल तिकीट हातात मिळणार नाही. माझं बीजगणित गेलं होतं, त्यामुळे मीही त्याच रांगेत.

सरांनी लवूकाकांना बोलावलं. मी ऑफिसबाहेर बाकावर होते, दार उघडं होतं.

"मुलगी हुशार आहे," सर म्हणाले. "मला तिचं वर्ष घालवायचं नाही. मी सांगितलेला निबंध तिनं इथं बसून लिहून द्यावा. मी गुण भरतो, विषय संपला."

काकांनी अंबिकाकडे पाहिलं. "लिवन टाक गो."

"नाही, बाबा."

"एक पान असा फक्त."

"तुम्हाला गिरणीत परत घेतायत ना? 'चूक झाली' असं लिहून दिलं की. तुम्ही दिलंत?"

त्या महिन्यात गिरणीच्या गेटवर हमीपत्रांवर सह्या घेत होते, ते सगळ्या चाळीला ठाऊक होतं.

काका तिच्याशी मालवणीत बोलायचे, पण हे ते सरांना समजेल असं सावकाश बोलले. "माझं वेगळं आहे. मी नाय दिलं तर माझी नोकरी जाईल. तू नाय दिलंस तर तुझं शिक्षण जाईल. दोन्ही एका घरातून नाय जायला पायजे."

"लिहिते," अंबिका म्हणाली. "पण माझं लिहिते."

काका उठले आणि चपला घालून निघून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

मग दुपारी शाळा सुटल्यावर ऑफिसबाहेरच्या पॅसेजमध्ये आम्ही दोघी बसायचो. मी बीजगणित सोडवायची, ती निबंध लिहायची. पहिल्या दुपारी तिनं प्रिलिमचाच निबंध थोडा घासूनपुसून दिला. सरांनी वाचला. "भावना फार आहेत. परीक्षकाला भावना नकोत."

दुसऱ्या दिवशी तिनं तोच मजकूर इतिहासाच्या उत्तरासारखा लिहिला. संपाची कारणे. संपाचे परिणाम. प्रत्येक मुद्द्याखाली कंसात, हे कुणी सांगितलं आणि त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं. भावनेचा एक शब्द नाही. सरांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं. "हे इतिहासाचं उत्तर झालं. हा मराठीचा पेपर आहे."

"विषयांतर तरी नाही ना, सर?"

 सरांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

पुढच्या वेळी तिनं विज्ञानाचा प्रयोग लिहिला. लिहिताना तिला हसू येत होतं, मला दाखवून दाखवून लिहीत होती. उद्देश : कामगार घरी स्वस्थ बसतात या विधानाची पडताळणी करणे. साहित्य : परळमधील एक चाळ, एक मजला. कृती : प्रत्येक खोलीत जाऊन पुरुषमाणूस सध्या काय करतो ते विचारण्यात आले, जमेल तिथे प्रत्यक्ष पाहण्यात आले. आणि ते तिनं खरंच केलं होतं, रविवारी, खोल्याखोल्यांतून फिरून. निरीक्षणात हमाली होती, रंगकाम होतं, केळी विकणं होतं, गावाला जाऊन मजुरी होती, एकजण आजारी होता आणि एकजण, तिनं लपवलं नव्हतं, दिवसभर दारू पिऊन पडलेला होता. अनुमान : विधान एका खोलीपुरते खरे आढळले.

सरांनी ते वाचलं तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. अनुमानापाशी त्यांच्या ओठांचं टोक हललं. पण लगेच ते गंभीर झाले. "तू माझी चेष्टा करतेयस?"

"नाही, सर. तुम्ही नको म्हणालात ते प्रत्येक वेळी काढलं मी. भावना नको म्हणालात, काढल्या. आता यात तर मी पण नाहीये."

"आणि माझं वाक्य?"

"ते तपासलं, सर."

"जा घरी," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात ते चिडलेलेच आले. बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. अंबिकाला ऐकू जावं म्हणूनच असेल, त्यांनी आनंदाला उभं केलं. "संपाचा निबंध म्हणून दाखव. कसा पाठ पाहिजे ते सगळ्यांना कळू दे."

आनंदानं हात मागे बांधले आणि सुरू केलं. उद्योग हा देशाचा कणा आहे. एकही शब्द इकडचा तिकडे नाही, सरांच्या चालीसकट. दुसऱ्या परिच्छेदात ते वाक्य यायच्या जागी तो थांबला. श्वास घेतला. आणि त्याच्या पुढच्या वाक्यापासून म्हणत गेला, थेट शेवटपर्यंत.

"एक वाक्य गाळलंस," सर म्हणाले.

"हो, सर."

"विसरलास?"

"नाही, सर."

 पलीकडच्या रांगेत कालिंदी बसायची, दादरची, तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि संपाला घरी रोज शिव्या पडत असतील. तिनं निबंधाचं पान उघडलं आणि पट्टी लावून ते वाक्य खोडलं. पट्टी ओढल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग आणखी पट्ट्या निघाल्या. सगळ्यांच्या नाही, पण बऱ्याच. मीही काढली.

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग वळले आणि म्हणाले, "भूगोल काढा."

बीजगणिताच्या फेरपरीक्षेत मी सुटले. हॉल तिकिटं वाटली त्या दिवशी सरांनी अंबिकाचं नाव हजेरीच्या क्रमानंच घेतलं. तिकीट तिच्या हातात देताना ते म्हणाले, "मी हरलो म्हणून देत नाहीये. तुझं वर्ष जाऊ नये म्हणून देतोय. बोर्डाचा परीक्षक तुला ओळखत नाही, त्याला तुझी चाळ माहीत नाही. तिथं असं काही केलंस तर मी काही करू शकणार नाही."

"माहितीये, सर," ती म्हणाली. "थँक्यू."

संध्याकाळी तिनं ते तिकीट घरी नेऊन लवूकाकांसमोर ठेवलं. सुभद्रामावशीनं मला नंतर सांगितलं, काकांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, तिचं नाव बरोबर छापलंय का ते पाहिलं आणि विचारलं, "मग लिवन दिलंस तां?" ती नाही म्हणाली. काका म्हणाले, "मियां पण नाय दिलंय." आणि मग दोघं जेवायला बसले.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली. आमचं सेंटर हिंदू कॉलनीतल्या एका शाळेत होतं. मराठीचा पेपर हातात आला तेव्हा मी आधी निबंधाचा प्रश्न शोधला. संप नव्हता. म्हणजे तसा नव्हता. 'माझा आवडता सण' होता, 'पुस्तकाचे आत्मवृत्त' होतं, आणि कल्पनाप्रधानमध्ये होतं, 'सूर्य संपावर गेला तर...'. मी आवडता सण घेतला, सरांनी सांगितलेली नारळीपौर्णिमा लिहून काढली. पुढे दोन बाक सोडून अंबिका बसली होती. ती पेपर वाचून झाल्यावर बराच वेळ नुसती बसून होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. हसत होती.

पेपर सुटल्यावर फुटपाथवर येईपर्यंतसुद्धा तिला दम निघाला नाही. "सगळे काय लिहिणार सांगू? अंधार पडेल, झाडं वाळतील, माणसं थंडीनं मरतील, मग देव सूर्याची समजूत घालेल आणि सूर्याला पश्चात्ताप होईल. हो ना?"

"हो. मग तू काय लिहिलंस?"

"सूर्य का गेला ते. कुणी विचारतच नाही ना. इथं संध्याकाळ झाली की त्याला तिकडे दुसऱ्या देशात हजेरी, म्हणजे दोन्ही पाळ्या त्याच्याच. जन्मापासून एक सुट्टी नाही. जळून जळून तो बारीक होत चाललाय, शास्त्रज्ञांनीच सांगितलंय, विज्ञानाच्या बाई म्हणाल्या होत्या. म्हणून त्यानं मागण्या दिल्या. वरच्यांनी त्याच्या जागी चंद्राला बदलीवर घेतलं. पण चंद्राकडे स्वतःचा उजेडच नाही, तो सूर्याकडूनच घेतो, मग तो काय काम करणार."

मी रस्त्यात थांबून हसत सुटले. मग एकदम भीती वाटली. "अंबे, नापास करतील तुला."

"करू देत," ती म्हणाली. "पुरवणी घेऊन लिहिलंय मी."

जूनमध्ये निकाल लागला. दोघीही पास झालो. आनंदाला मराठीत शाळेत सगळ्यांत जास्त गुण पडले, अंबिकाला त्याच्यापेक्षा बरेच कमी. कुणा परीक्षकानं तो सूर्य वाचला, त्याला तो आवडला की त्यानं कपाळावर हात मारला, हे कधीच कळलं नाही. इतिहासात मात्र ती शाळेत पहिली आली. जोगळेकर बाई तेव्हा शाळेत नव्हत्या, त्यांना कायम केलं नव्हतं. लवूकाकांच्या गिरणीचं गेट काही त्यांच्यासाठी उघडलं नाही. ते भाजीबाजारातच राहिले, पुढे तिथंच एका गाळ्यावर कायमचे लागले.

मार्कशीट घ्यायला आम्ही शाळेत गेलो तेव्हा सबनीस सर स्वतः वाटत होते. अंबिकाची मार्कशीट त्यांनी लगेच दिली नाही. मराठीच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "कुठला निबंध घेतला होतास?"

"सूर्य संपावर गेला तर."

सरांचं बोट आकड्यावर तसंच राहिलं. बाजूला शिपाई उभा होता, तो आमच्याकडे पाहायला लागला.

"शेवट काय केलास?" सरांनी विचारलं. "परत आला का सूर्य?"

"नाही, सर. बोलणी चालू होती."

"आणि मग?"

"मग घंटा झाली."

सरांनी मार्कशीट तिच्या हातात दिली. "बारावीला वेळ पुरवून लिहीत जा," ते म्हणाले आणि पुढचं नाव घेतलं.

आम्ही जिना उतरलो. खाली फाटकाशी माझी आई रिकामी पाटी घेऊन उभी होती, तिला निकाल वाचता येत नव्हता पण तिला तो हातात धरून पाहायचा होता. मी तिला माझा दिला. अंबिका म्हणाली, तिला कॉलेजच्या फॉर्मच्या रांगेत लागायचंय, आणि रस्ता ओलांडून निघून गेली.